उधाणाच्या दिवशीची तपासणी

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई स्वतःला फार सोज्वळ दाखवतात. नाकावर राग, जिभेला धार, आणि चूक कबूल करायची वेळ आली की तोंडाला कुलूप. तिन्ही गोष्टी मला तरुणपणीच चिकटल्या होत्या आणि त्यातली शेवटची मला सगळ्यात महाग पडली.

द्विभाषिक राज्याचे दिवस होते. पनवेलला मी समाजशिक्षणाच्या खात्यात नोकरीला होते. तालुक्यातले प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग खरोखर भरतात की नुसते कागदावर भरतात, हे बघत गावोगाव हिंडायचं, असं ते काम. वय अठ्ठावीस. लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेलेले, एक भाऊ होता तो नागपूरला. भावजयीचं पत्र संक्रांतीला यायचं, तीन ओळींचं. त्यातली एक ओळ दरवर्षी 'घाईत लिहीत आहे' अशी असायची.

तळ्याजवळ एका घराची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. मालकीणबाई तशा वाईट नव्हत्या, पण रोज संध्याकाळी कडी वाजवून विचारायच्या, आज कोणी आलं होतं का हो तुमच्याकडे. एकटी बाई ठेवून घेतलीय म्हटल्यावर लक्ष ठेवायला हवं ना. कोण येणार होतं कपाळ! आठवड्याचे सहा दिवस काम असायचं, ते निभायचे. रविवार मात्र मला खायला उठायचा. धुतलेले कपडे मी पुन्हा धुवायची, घासलेला तांब्या पुन्हा घासायची. एका सोमवारी कचेरीत शिपायाला पाणी दे म्हणायला गेले तर घशातून आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं की शनिवार दुपारपासून मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. हसू आलं आणि लगेच रडू आलं.

अशात तो वर्ग मला सापडला. रोडपालीच्या बाजूला खाडीकाठी एक छोटं गाव होतं, मिठागरात राबणाऱ्यांचं. तिथे बायकांचा वर्ग मारुतीच्या देवळाच्या पडवीत दुपारी भरायचा. मिठागरात काम सकाळी आणि उन्हं कलल्यावर, मधली दुपार तेवढी मोकळी. शिकवणारी बाई त्या गावचीच सून, माझ्याच वयाची, विधवा, पदरात एक मुलगी. माहेर बेलपाड्याचं, तिथे पाचवीपर्यंत शाळेत गेलेली. तेवढ्या भांडवलावर ती अठरा बायकांना शिकवत होती.

पहिल्या भेटीतच मी तिच्यावर डाफरले. हजेरीपट उघडला तर तारखांच्या जागी तिथ्या. आणि दर पंधरवड्याला चतुर्दशीपासून बिजेपर्यंत चार दिवस आडवी रेघ, तिच्यावर एकच शब्द: उधाण. मी म्हटलं, हा काय पोरखेळ लावलाय, सरकारी पट असा भरतात का. तिने शांतपणे मला पडवीच्या टोकाशी नेलं आणि बोट करून मिठागर दाखवलं. अवसेपुनवेला भर दुपारी खाडीला मोठी भरती येते. तेव्हा बांधातली दारं उघडून पाणी आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात साठवायचं, आणि त्यावरच पुढचा पंधरवडा मीठ पिकवायचं. त्या चार दिवसांत गावातलं प्रत्येक माणूस बांधावर लागतं. बांध एका जागी जरी खचला तरी एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं मीठ जातं. म्हणून तेवढे दिवस वर्ग बंद. त्याची भरपाई म्हणून बाकी एकही सुट्टी नाही. सणाची नाही, रविवारची नाही. मी तिथेच बसून महिन्याची हजेरी मोजली. शहरातल्या वर्गांपेक्षा जास्त भरली. माझा पारा उतरला, पण तसं बोलून दाखवलं नाही.

रविवारीसुद्धा वर्ग भरतो, हे मात्र मी बरोबर लक्षात ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तपासणीचं निमित्त सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी निमित्त सांगायचीही गरज उरली नाही. मुंबईच्या गाडीने फाट्यावर उतरायचं आणि शेतातून चालत जायचं. लांबून मी दिसले की एखादी बाई चटई झटकून माझी जागा करायची. वर्ग सुटला की तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ पुढ्यात यायची, नको म्हटलं तरी. आणि थट्टा तर विचारू नका. मिठागराचा मुकादम बिनलग्नाचा आहे, त्यालाही तुमच्यासारखा उठल्याबसल्या राग येतो, दोघांचं जमवून टाकू का, असं त्या मला तोंडावर विचारायच्या. मी रागावल्यासारखं करायची. खरं म्हणजे कोणीतरी माझी थट्टा करावी इतकं जवळचं मला तिथेच वाटत होतं. शिकवणाऱ्या बाईला मी तू म्हणायला लागले, ती मात्र मला शेवटपर्यंत बाई आणि तुमी असंच म्हणत राहिली.

त्या हिवाळ्यात अलिबागहून पत्र आलं. प्रत्येक तालुक्याने आपला सर्वांत उत्तम वर्ग निवडून त्याचं नाव सुचवावं. जिल्ह्याचे साहेब स्वतः येऊन वर्ग बघतील, पसंत पडला तर समारंभात शिकवणाऱ्याच्या नावाचं गौरवपत्र देतील. नाव सुचवायचं काम माझ्याकडे होतं. मी क्षणाचाही विचार केला नाही. वर्गाची माहिती चार पानं भरून लिहिली, उधाणाच्या सुट्ट्यांचा खुलासा तेवढा केला नाही. म्हटलं, साहेब आले की तोंडीच सांगू.

हे तिला सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला. तेव्हा कळलं की तिचं काय पणाला लागलं होतं. तिचा दीर घरचा कर्ता. माणूस दुष्ट नव्हता, पण गावात कुजबुज सुरू झाली होती. विधवा बाई दुपारी पाट्या घेऊन बसते, बायकांना काय काय शिकवते, आणि घरातलं तिच्या वाटचं काम इतर करतात. दिराने तिला मुदत घातली होती. शिमग्यापर्यंत वर्ग चालव. तोवर सरकारने तुझ्या नावाचा कागद दिला तर गावही गप्प बसेल आणि मीही. नाही दिला तर पाट्या गुंडाळायच्या आणि बाकीच्यांसारखं नुसतं घर आणि मिठागर बघायचं. म्हणजे त्या गौरवपत्रावर तिचा वर्ग टिकणार की बुडणार ते ठरणार होतं. मला हे स्वच्छ ठाऊक होतं. ठाऊक असूनही पुढचं केलं, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

साहेबांनी दोन तारखा कळवल्या, त्यातली सोयीची निवडा म्हणून. पंचांग माझ्या खोलीत भिंतीवरच होतं. एक तारीख साध्या षष्ठीची, दुसरी ऐन अमावास्येची. मी अमावास्येची कळवली.

कचेरीत कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की षष्ठीला मासिक बैठक होती. होतीही. पण बैठक पुढे ढकलता आली असती. खरं कारण असं की मला बघायचं होतं, ह्या बायका माझ्यासाठी येतात का. एक दिवस, फक्त एक दुपार, सगळं बाजूला ठेवून माझ्यासाठी. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माझ्यासाठी कोणी काही बाजूला ठेवलेलं नव्हतं. हे लिहिताना आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

रविवारी वर्गात मी तारीख सांगितली.  शिकवणारी बाई हळूच म्हणाली, "त्या दिसाला उधान हाय, बाई."

मी म्हटलं, ठाऊक आहे, पण एकच दिवस, माझ्यासाठी. तिने इतर बायकांकडे बघितलं. कोणी मान वर केली नाही. मग ती म्हणाली, बगू. आणि मी ते बगू होकार म्हणून उचललं. त्या खाडीकाठी पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. न जमणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तिथे बगू म्हणतात. शेजारच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ते समजलं असतं. आणि इतके रविवार तिथे जेवून मला समजलं नव्हतं.

त्या दिवशी साहेबांची जीप आली. साहेब शिस्तीचे, पण भले गृहस्थ होते. गावाबाहेर जीप थांबवून आम्ही चालत पडवीशी गेलो. चटया अंथरल्या होत्या. अठरा पाट्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिल. आणि समोर शिकवणारी बाई एकटी बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. तिच्या वाटची बांधावरची जागा सोडून ती तेवढी आली होती. बांधावरून माणसांच्या हाका ऐकू येत होत्या, पाणी चढत होतं.

मला तिचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाकीच्या अठराजणी आल्या नाहीत, एवढंच मला दिसलं, आणि डोक्यात तिडीक गेली. माझी भाकरी, माझी चटई, माझी थट्टा, सगळं खोटं असं वाटलं.

साहेबांनी विचारलं, वर्ग कुठे आहे. तिने उत्तर दिलं की उधाण आहे, बाया बांधावर गेल्यात. त्यांनी हजेरीपट मागितला, पानं उलटली. तिथ्या बघितल्या, दर पंधरवड्याच्या आडव्या रेघा बघितल्या. मग पट मिटून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ही तारीख तुम्ही दिलीत. उधाण असतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

एवढंच म्हणायचं होतं, की ठाऊक होतं, साहेब, चूक माझी आहे, पाच दिवसांनी या आणि मग बघा. जास्तीत जास्त ते रागावले असते. कदाचित माझ्या नोकरीच्या चोपडीत शेरा पडला असता. कदाचित बदली. पण मी घाबरले. ही नोकरी गेली तर मी कुठे जाणार, नागपूरला त्या घाईत लिहिणाऱ्या भावजयीकडे? आणि वरून तो राग होताच, बायकांवरचा.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "मला कोणी सांगितलं नाही."

शिकवणारी बाई तीन हातांवर उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती खाली वाकून एकेक पाटी गोळा करायला लागली.

साहेबांनी शेरा लिहिला, वर्ग अनियमित, हजेरी अविश्वसनीय. मग शहरातल्या एका मंडळाच्या वर्गाचं नाव पाठवायचं ठरलं. तो वर्ग नीटनेटका होता, भिंतीवर तक्ते होते, पटावर तारखा होत्या. शिफारस मीच लिहिली, माझं अक्षर चांगलं म्हणून. समारंभाला मी दुसऱ्या रांगेत बसले होते. हार घातले गेले, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर मालकीणबाईंनी कडी वाजवून विचारलं, कसा झाला समारंभ. छान झाला म्हटलं आणि दार लावून घेतलं.

रविवार पुन्हा पहिल्यासारखे झाले. जावं असं दर रविवारी वाटायचं आणि फाट्यापर्यंतचं तिकीट काढायची हिंमत व्हायची नाही. शिमगा होऊन गेला. चैत्र लागला तेव्हा एकदाची गेले.

पडवी रिकामी होती. चटया नव्हत्या, दोन शेळ्या बसल्या होत्या. ती मिठागरात सापडली. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून लाकडी फावड्याने मीठ ओढत होती, तिच्यासोबत वर्गातल्याच चारपाच बायका. मला बघून ती बांधावर आली. पायाला चिरा पडल्या होत्या, त्यांत मीठ बसलं होतं. मी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं, कसं सुरू करायचं, काय म्हणायचं. दोन वाक्यंही झाली नाहीत तोच तिने हात वर करून मला थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी सोसला असता. राग नव्हता.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तुमी तसं का बोल्लात, ते मला तवाच समजलं. माजा वर्ग गेला, पन मला घर हाय, पोर हाय, ह्या बाया हायत. तुमाला नोकरीबिगर कोन हाय?"

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती. बायकांनी हाक मारली तशी ती परत खाली मिठाच्या वाफ्यात उतरली.