खर्ड्याची पेंड आणि निळा उजेड

खर्ड्याला लोक किल्ला बघायला जातात. मी पहिल्यांदा गेले ती मेलेल्या कोंबड्यांसाठी. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि पुण्यातल्या एका पशुखाद्य प्रयोगशाळेत मी नवी सहायक होते. खर्ड्याच्या शिक्षिका मार्थाबाईंनी कोंबड्यांना घालायची शेंगदाण्याची पेंड तपासायला पाठवली होती. आमच्याकडे परदेशी इन्फ्रारेड यंत्र होतं. त्याला थंड हवेची खोली होती, आम्हाला पंखाही नव्हता. आमचे वरिष्ठ गद्रेसाहेब, त्यांनी त्यात पेंड घातली, तर पेंडीत तेल आणि प्रथिनं असतात असा थोर शोध त्यानं लावला. बुरशीचं विष असतं कणभर, ते त्या गर्दीत दिसणार कुठून? मग साहेब म्हणाले, अतिनील दिवा घेऊन जागेवरच जाऊ.

शिवाजीनगरहून नगरची एसटी. सुप्याला तेव्हा कारखाने नव्हते, फक्त चहा होता, तोही नावापुरता. भाडं विचारू नका, आजचं तिकीट कडू लागेल. नगरच्या स्टँडवर भजी गरम असतील तर खा आणि जामखेडची गाडी धरा. पुढे रस्ता कमी, खड्डे जास्त. साहेबांना दिव्याची फार काळजी, म्हणून पेटी सगळा वेळ माझ्या मांडीवर.

मार्थाबाईंचं खुराडं जवळजवळ रिकामं झालं होतं. गुन्हेगार त्यांनी आधीच ठरवला होता: भिंतीपलीकडे राहणारी जाऊ, रूथबाई. खुराड्याच्या वासावरून दोघींचं वाजलं होतं. आता चर्चमध्येही दोघी दोन टोकांना बसत. आमचा अहवाल हातात आला की मार्थाबाई फौजदाराकडे जाणार होत्या. साहेबांनीही दिवा पेटीतून काढण्याआधीच उंदराचं औषध असा निकाल देऊन टाकला, मार्थाबाईंनी वाटीत दिलेले शेंगदाणे खात खात. एखादा कडू लागतो, एवढीच त्यांची तक्रार होती.

वीज फक्त पिठाच्या गिरणीत. गिरणीवाल्यानं चक्की थांबवली, दळण घेऊन आलेल्या बायकांनी आमचा उद्धार केला. अंधारासाठी मी डोक्यावर घोंगडी घेतली. पेंड क्लोरोफॉर्ममध्ये ढवळून त्याचा थेंब टिपकागदावर टाकला आणि दिवा लावला. डाग निळा चमकला; बुरशीचं विष त्या उजेडात असंच चमकतं. पुण्याहून आणलेल्या चांगल्या पेंडीचा डाग काळाच राहिला. मग साहेबांनी बरोबर आणलेल्या वाटीतल्या उरलेल्या शेंगदाण्यांचाही थेंब टाकला. तोही निळा, जरा फिका. साहेबांनी पाणी मागितलं. त्यांना काही झालं नाही.

पक्की चाचणी पुण्यात होणार होती. मार्थाबाईंना तेवढा धीर नव्हता. त्या स्वतः घोंगडीत शिरल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी सांगितलं, पोती ओलसर जागी ठेवली की बुरशी धरते, तिचंच हे विष. पोती कोणत्या व्यापाऱ्याची, ते त्यांना ठाऊक होतं. रूथबाईही त्याच्याकडूनच पेंड घेत.

त्या थेट जावेच्या अंगणात गेल्या. मागे मी, आणि दळण विसरलेल्या सगळ्या बायका. रूथबाई म्हशीपुढे पेंडीचं घमेलं ठेवत होत्या.

"म्हशीला ती पेंड घालू नगं," मार्थाबाई म्हणाल्या. "कोंबड्या तिनंच मेल्या."

रूथबाईंनी घमेलं उकिरड्यावर उपडं केलं, मगच बोलल्या. "मला इच्चारलं असतंस तर दिव्याबिगर सांगितलं असतं, मी न्हाई काय घातलं."

"व्हय," मार्थाबाई म्हणाल्या. माफी वगैरे शब्द काही आला नाही. पण रूथबाईंनी चहा ठेवला, आणि मार्थाबाई पायरीवर बसल्या.

पुण्याच्या चाचणीतही तेच निघालं. घरी आईनं विचारलं, एवढे धक्के खाऊन काय मिळालं? मी म्हटलं, विष. खरं म्हणजे मिळाली ती युक्ती: माफी मागवत नसेल तर समोरच्याच्या म्हशीची काळजी करावी. माझ्या जावेकडे म्हैस नाही. भांडण झालं की मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करते.