शेवटचा गेम साहेबांचा

फळ्यावर अकरा नावं होती. साहेब, शेठ, डॉक्टर, प्राध्यापक. बाराव्या जागी नुसतं लिहिलं होतं, मार्कर.

लिहिताना डॉक्टरांचा हात थांबला होता. मागं वळून म्हणाले, "ह्याचं नाव काय हो?"

अकरा वर्षं माझ्यासोबत खेळलेला माणूस. क्लबचे अध्यक्ष वकीलसाहेब बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "लिहा मार्कर. आकडा भरायचाय, बारसं थोडंच करायचंय?"

सगळे हसले. मीपण हसलो. त्यांचं हसणं मी विसरलो असतो. माझं हसणं विसरता येत नाही.

परभणीतलं हे मुरमाचं टेनिस कोर्ट. मैदान सरकारी, क्लब साहेबलोकांचा. मार्कर म्हणजे पगारी खेळगडी. सकाळी रोलर ओढायचा, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा आखायच्या आणि साहेब आले की नेटच्या पलीकडे उभं राहून त्यांना खेळवायचं. त्यांच्यासाठी खोलीत थंड पाण्याचा जार. मी कोर्टाला पाणी मारायच्या पाइपानंच प्यायचो. जारला हात लावू नको असं मला कधीच कोणी म्हटलं नाही. म्हणायची वेळ येऊ नये एवढा लिहाज मीच पाळत होतो.

आमचं घर ताडकळसजवळचं, मेंढ्यांचं. बाप कळप घेऊन रानोरान फिरायचा. मी मात्र रोलर ओढायला म्हणून इथं लागलो आणि बघून बघून खेळ शिकलो. अर्ध्या तारा तुटलेली एक रॅकेट कोणीतरी टाकून दिली होती. तीच घेऊन दुपारभर मागच्या भिंतीवर चेंडू मारायचो. चार-पाच वर्षांत क्लबात मला हरवील असा कोणी राहिला नाही. पण हे बोलायचं नसतं. दाखवायचं तर मुळीच नाही.

क्लबाचा एक रिवाज होता. शेवटचा गेम साहेबांचा. आधी काय व्हायचं ते होऊ द्या, पण घरी जाण्याआधीचा शेवटचा गेम मार्करनं सोडायचा. साहेबानं जिंकून गाडीत बसलं पाहिजे. हे हरणं सोपं नसतं. चेंडू नेटमध्ये मारला तर कळतं. तो रेघेच्या चार बोटं बाहेर टाकायचा, हळहळायचं आणि वर म्हणायचं, "काय मारलात साहेब!" मी त्यात उस्ताद झालो होतो. अकरा वर्षं रोज हरायचं काम मी इमानानं केलं.

मग वकीलसाहेब मोठ्या शहरात जाऊन देशादेशांची टेनिसस्पर्धा बघून आले. पुरुषांच्या संघांची. आल्यावर सगळ्यांना कोर्टावर बसवून समजावलं. वरचे गट साऱ्या जगाचे. खालचे गट विभागवार. आशिया आणि पलीकडच्या समुद्रातली बेटं मिळून एक विभाग, त्यातही तिसरा, चौथा, पाचवा अशी उतरंड. खालच्या गटात जिंकलं की पुढच्या साली वर. वरच्यात हरलं की खाली. "बघा," साहेब म्हणाले, "कोण किती मोठा, कुठल्या घरचा, कोणी विचारत नाही. जिंकला तो चढला. आपणही असंच करू."

मी बादलीत चुना कालवत होतो. हात तसाच बादलीत राहिला.

त्या दिवसापासून मी मोबाइलवर उतरंडीच्या तळातले सामने शोधून बघायला लागलो. एवढेसे देश. सगळे एका गावात जमून आठवडाभर खेळतात. बघायला पाच-पंचवीस माणसं. एकाचा शर्ट इतका ढगळ की खांद्यावरून उतरत होता. पण पाठीवर देशाचं नाव होतं. तो हरत होता तरी खुर्चीवरचा पंच दर गेमनंतर त्याच्या देशाचं नाव घेत होता. तळाच्या गटातला तळाचा माणूस, पण त्याला नावानं पुकारत होते. मला त्याचा हेवा वाटला. खरं सांगतो, रडू आलं.

आमच्या क्लबात तीन गट पाडले, चार-चार जणांचे. रोज नाही, फक्त रविवारी सामने, एकेका सेटचे. महिन्याच्या शेवटी गटात पहिला येईल तो वर, शेवटचा खाली. सामन्याला पंधरा मिनिटांत जो येणार नाही तो हरला. सगळं वकीलसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून फळ्याशेजारी चिकटवलं. पण एका इंजिनिअरसाहेबांची बदली झाली आणि अकराच उरले. म्हणून मी. तिसऱ्या गटात.

मी विचारलं होतं, "साहेब, जितलो तर मीबी वर जाईन का?"

"जा की! अडवलंय कोणी?" पुन्हा हसू.

पहिल्या महिन्यात तिसरा गट जिंकलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गंमत म्हणून. दुसऱ्या महिन्यात दुसरा गट जिंकलो. टाळ्या वाजल्या नाहीत. तोवर मी लिहाज सोडला नव्हता. प्रत्येकाला चार-चार गेम देऊनच हरवलं होतं. तिसऱ्या महिन्यात फळ्यावर पहिल्या गटात चौथं नाव आलं, मार्कर. पहिलाच सामना वकीलसाहेबांशी.

पाच-चार. मी पुढे. सर्व्हिस माझी. जागा बदलताना साहेब जवळून गेले आणि हळूच म्हणाले, "शेवटचा गेम कोणाचा असतो, माहिताय ना?"

माहीत होतं. हात तर अकरा वर्षांच्या सवयीचा. चेंडू आपटत उभा राहिलो, तेव्हा मनगट आपोआप सैल पडायला लागलं. मला माझ्याच मनगटाची किळस आली. रोजीरोटी ह्यांच्या हातात आहे हे कळत होतं. तरीही मूठ आवळली आणि मारला. चारही पॉइंट घेतले. एकही चेंडू चार बोटं बाहेर गेला नाही.

नेटजवळ जाऊन हात पुढं केला. खेळ संपला की हात मिळवतात. वकीलसाहेबांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि त्यात आपला घामाचा टॉवेल ठेवला. "हे वाळत घाल. आणि कोर्टाला पाणी मार."

मी टॉवेल नेटवर टाकला. म्हणालो, "साहेब, आज मी खेळाडू हाय."

"मग उद्यापासून येऊ नकोस." फडकं घेऊन त्यांनी फळ्यावरचं मार्कर पुसलं. "अरे, ते देशांचं असतं. हे सभासदांचं आहे. तू आकडा भरायला होतास."

घरी माय शेळीला पाला टाकत होती. सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तू जितलास का न्हाई?"

"जितलो."

"मंग त्यायनं पुसून काय व्हायलंय?" उरलेला पाला टाकून म्हणाली, "आता कामावर जायचं न्हाई मंग?"

"कामावर न्हाई, माय. रविवारी खेळायला जायलोय."

रविवारी गेलो. सात वाजता डॉक्टरांशी माझा सामना लागलेला होता. आठवडाभर रेघा कोणी आखल्या नव्हत्या. मी आखल्या, ह्या वेळी माझ्यासाठी. उरलेल्या चुन्यात बोट बुडवलं आणि फळ्यावर पहिल्या गटात, पुसलेल्या जागी, माझं नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग जारमधलं पाणी प्यायलो आणि कोर्टावर उभा राहिलो.

डॉक्टर आले होते. गाडीजवळच उभे राहिले. वकीलसाहेबही होते. पंधरा मिनिटं मी मोबाइलवर मोजली. मैदानाला चकरा मारणारी माणसं थांबून बघत होती. मग मी मोठ्यानं सांगितलं, "डॉक्टर आले न्हाईत. सामना माझा."

"हा तमाशा बंद कर," वकीलसाहेब ओरडले.

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. अक्षर त्यांचंच होतं.

आता दुसरीकडे काम बघतोय, मिळेल ते करीन. पण दर रविवारी सातला त्या कोर्टावर मी असणार आहे. मैदान सरकारी आहे. त्यांनी नाव पुसावं, मी पुन्हा लिहीन. जो समोर येणार नाही तो खाली जाईल, हा नियम त्यांनीच केलाय. आणि जो येईल त्यानं एक गोष्ट घरून निघतानाच ध्यानात ठेवावी. शेवटचा गेम मी सोडणार नाही.