माणसं चार

जावकबाईंनी सहलीचं टिपण तीनदा लिहिलं. आधी पाठकोऱ्या कागदावर, मग वहीत आणि शेवटी नातीला वाचता यावं म्हणून जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत. ऑफिसात एकोणतीस वर्षं बाहेर जाणाऱ्या टपालाला क्रमांक घालून ते रवाना करायचं काम त्यांनी केलं होतं. येणारं टपाल दुसऱ्या टेबलाकडे असे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, नवरा जाऊन त्याहून जास्त, तरी सगळ्यांच्या तोंडी नाव राहिलं ते जावकबाईच.

टिपण असं होतं : ‘साडेआठला धक्क्यावर. नऊची लाँच. उजवीकडे बसणे, डावीकडे ऊन. दहाला बेट. आधी बुरूज, पायऱ्या एकशे बारा, चाळिसाव्या पायरीशी बसायला कट्टा. मग तोफा. मग जुना तुरुंग, आत अंधार, नातीचा हात धरणे. जेवण दीपगृहाच्या सावलीत. परतीची लाँच चारला.’

एवढी माहिती त्यांनी दोनदा धक्क्यावर जाऊन, तिकीटवाल्याचं डोकं खाऊन मिळवली होती. “बाई, तुम्ही बेट बघायला निघालाय की जिंकायला?” तो शेवटी वैतागून म्हणाला होता. बेटाची तिकिटं आधीच काढावी लागत, आणि एका कुटुंबाला एकच चिठ्ठी मिळे. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘माणसं : ४’. मुलगा, सूनबाई, नात आणि त्या स्वतः.

ही सहल ठरली तेव्हा नात बालवाडीत होती. आता ती तिसरीत गेली. एकदा सूनबाईंचं ऑफिसचं काम निघालं, एकदा नातीला ताप आला, तिसऱ्या वेळी काय झालं ते मुलालाही नीट आठवत नव्हतं. पण या खेपेला जावकबाईंनी इमारतभर सांगून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी तर उरलेल्या निळ्या कापडाच्या चार टोप्या शिवून दिल्या. “धाकटीला नाडी लावलीय हं. नाहीतर वारा घेऊन जाईल नि पोर रडत बसेल.”

आदल्या दिवशी मुलाचा फोन आला.

“आई, ऐक ना, रागावू नकोस.”

जावकबाई खुर्चीवर बसल्या. या वाक्यानंतर काय येतं ते त्यांना पाठ होतं.

“उद्या पोरीच्या पोहण्याची निवड चाचणी आहे. आत्ताच कळलं.”

“पाण्यातच जायचं तर आमचा समुद्र काय वाईट होता?”

मुलगा उगीच हसला. “पुढच्या रविवारी जाऊ. नक्की.”

“उद्यापर्यंतच आहे लाँच. मग समुद्र खवळतो, चार महिने बंद.”

“मग बघू ना कसं ते. तू एकटी जाऊ नकोस हं.”

“तिला दे जरा फोन.”

“ती... झोपलीय गं.”

संध्याकाळचे सात वाजले होते. जावकबाई “बरं” म्हणाल्या.

सकाळी त्या चार टोप्या, चार पुडांचा डबा आणि चार संत्री पिशवीत भरून निघाल्या. न जावं तर दिवसभर दार लावून बसावं लागलं असतं, आणि दाराबाहेर आल्यावर इमारतीला तोंड द्यावं लागलं असतं. शिंपीणकाकू खिडकीत होत्याच. “बाकीची मंडळी?”

“परस्पर धक्क्यावर येतायत,” जावकबाई न थांबता म्हणाल्या.

लाँचवर चढताना ही गर्दी. दाट मिशांचा एक खलाशी फळीशी उभा राहून चिठ्ठ्या घेत होता आणि पाटीवर खडूने आकडे मांडत होता. बेटावर रात्री कुणाला राहू देत नाहीत. जितकी माणसं नेली तितकी परत मोजल्याशिवाय लाँच सुटत नाही. जावकबाईंची चिठ्ठी त्याने न बघताच वाचल्यासारखी वाचली. “चार! चला, पुढं सरका.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मागून लोक ढकलत होते, आणि खरं सांगायचं तर तो ‘चार’ कानाला बरा वाटला. त्या गप्प राहिल्या आणि उजवीकडे जाऊन बसल्या.

बेटावर सगळं टिपणाबरहुकूम झालं. चाळिसाव्या पायरीशी कट्टा होता, त्या बसल्या. बुरुजावरून त्यांचं शहर काडेपेट्या रचल्यासारखं दिसत होतं. तोफांपाशी दगडी पाटी होती, तिच्यावरचा मजकूर त्यांनी हळूहळू, एकेक शब्द तोडून वाचला, जसा नातीला वाचून दाखवला असता तसा. तुरुंगात मात्र दारातूनच परतल्या. आत खरंच अंधार होता.

दीपगृहाच्या सावलीत त्यांनी चादर पसरली. ती चौघांच्या मापाची. कडेवर मूल घेतलेल्या एका ठसठशीत बाईने विचारलं, “काकू, इथं कुणी आहे का?”

“येतायत,” जावकबाईंच्या तोंडून निघून गेलं. बाई पुढच्या झाडाकडे गेली. डब्याचा वरचा कप्पा तेवढा संपला.

चारला सगळे लाँचवर बसले. खलाशाने मोजलं. पुन्हा मोजलं. मग पाटी वर धरून ओरडला, “तीन कमी! कोणाची माणसं राहिलीत?”

जावकबाईंनीही सगळ्यांबरोबर मान वळवून धक्क्याकडे पाहिलं. कोण बरं बेपर्वा लोक असतील! बेटावरचे दोन पहारेकरी शिट्ट्या फुंकत बुरुजाकडे धावले. पंधरा मिनिटं गेली.

“सेल्फी काढत बसले असतील.”

“जाऊ द्या ना त्यांना सोडून! एक रात्र तुरुंगात काढली की घड्याळ कळेल.”

तेवढ्यात ती मूलवाली बाई ताडकन उठली. “अहो, या काकूंची माणसं यायचीयत! दुपारी मलाच म्हणाल्या की!”

तेव्हा कुठे जावकबाईंच्या लक्षात आलं. तीन. त्यांचेच तीन. सगळी लाँच त्यांच्याकडे बघत होती, आणि वर त्या एकशे बारा पायऱ्यांवर दोन माणसं धापा टाकत, शहरातच राहिलेल्या तिघांना शोधत होती. आजारी पडून मागे राहिले म्हणावं? सकाळीच परत गेले म्हणावं? पण कसं?

त्या पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“बोलवा त्यांना परत. कुणी हरवलेलं नाही. मी एकटीच आलेय.”

“मग सकाळी मी चार म्हटलं तेव्हा?” खलाशी म्हणाला.

“तेव्हा गप्प बसले. चुकलं माझं.”

कुणी हसलं असतं तर सोसलं असतं. कुणीच हसलं नाही. खलाशाने शिट्टी वाजवली, आणि अंगठ्याने पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहिला. मूलवाल्या बाईने आपलं मूल मांडीवर घेऊन शेजारची जागा रिकामी केली. जावकबाई तिथे बसल्या, आणि किनारा येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिल्या.

जिन्यात शिंपीणकाकू भेटल्याच. “कशी झाली? टोपी बसली का पोरीला?”

एकदा चारचौघांत बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा फारसं जड गेलं नाही. “आलं नाही कुणी. एकटीच गेले होते.”

पिशवीतून डोकावणारी घडीबंद टोपी काकूंनी हलकेच आत सारली. “अहो, मग मला का नाही म्हणालात? मी तर रविवारी रिकामीच असते.”

कुठे ऊन, कुठे सावली, कुठल्या पायरीशी दम लागेल, सगळं जावकबाईंनी लिहून काढलं होतं. हे एवढं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“सुचलंच नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीत तळाशी हात घालून किल्ली शोधू लागल्या. हाताला संत्री लागत राहिली.