फौजेतला नवरा

कृष्णा भित्री आहे, हे सोयगावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिनंही ते कधी लपवलं नाही. वीज कडाडली की ती मोबाइल गादीखाली सरकवायची. एसटी अजिंठ्याच्या घाटात वळली की पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसायची. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून वाजून बंद होऊ द्यायची आणि मग सासऱ्याला विचारायची, "मामा, कुणाचा असंल हो?" जणू नंबर बघून माणूस ओळखायची विद्या कारभारी आबांना अवगत होती. नवरा होता तोवर या भित्रेपणाचं घरात कौतुकच होतं. सुदर्शन तिला मुद्दाम घाबरवायचा आणि मग तासभर तिची समजूत काढत बसायचा.

दीड वर्षापूर्वी सुदर्शन काविळीनं गेला. पाटबंधारे खात्यात शिपाई होता तो. शहरातल्या दवाखान्यात नेला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. श्रेया तेव्हा साडेचार वर्षांची. तिला मावशीकडे पाठवून दिलं होतं. तेरावं उरकल्यावर पोर घरी आली आणि दारातूनच विचारलं, "पप्पा कुठंयत?" सारजाबाईच्या, म्हणजे आजीच्या, तोंडून निघून गेलं, "शहरात, दवाखान्यात हायेत. बरे झाले की येतील." दोन-चार दिवसांत खरं काय ते सांगू, असं सगळ्यांनी ठरवलं. ते दोन-चार दिवस अजून संपले नव्हते. गल्लीतल्या बायकांनीही ही थाप इमानेइतबारे सांभाळली. एरवी नळावरच्या रांगेवरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका, पण असल्या कामात आपल्याकडं कमालीची एकी होते. कृष्णाला रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकावं. रोज ते उद्यावर जायचं.

आणि अशा या बाईला नवऱ्याच्या जागी नोकरी लागली, तीही संभाजीनगरच्या ऑफिसात. सोमवारी हजर व्हायचं होतं. सारजाबाईनं सुनेसमोर एकच अट ठेवली. "खोली चांगली मिळाली तर ने पोरीला. नाय तर ती माझ्यापाशी राहील. तू मुलखाची भित्री, परक्या गावात लेकराला घेऊन कुठं धडपडशील?" यात दुष्टपणा कणभरही नव्हता. तो असता तर कृष्णा भांडली तरी असती. सासू बोलली ते खरं होतं, आणि तेच तिला लागलं. सुदर्शन गेल्यापासून तिला झोप लागायची ती श्रेयाचा हात हातात असला तरच. ती पोर सोयगावात आणि आपण तिकडं एकटी, हे तिला नुसतं मनात आणवत नव्हतं.

म्हणून शनिवारी आबांबरोबर खोली बघायला निघताना तिनं श्रेयालाही सोबत घेतलं. एक दिवस मागं ठेवली तर ती कायमची मागंच राहील, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ऑर्डर घ्यायला गेली होती तेव्हा ऑफिसातल्या सोनिया मॅडमनी तीन पत्ते चिठ्ठीवर लिहून दिले होते. ती चिठ्ठी आबांच्या खिशात आणि कागदपत्रांची फाइल कृष्णाच्या छातीशी. फुलंब्री मागं पडली तशी श्रेया एसटीच्या खिडकीला नाक लावून बसली. "मम्मी, दवाखाना आला की सांग हां." कृष्णा नुसतं "हं" म्हणाली.

पहिला पत्ता हर्सूलचा, तुरुंगाच्या अलीकडच्या गल्लीतला. दारावर पाटी होती : खोली भाड्याने देणे, फक्त फॅमिलीसाठी. घरमालकीणबाईंनी आबांना पाणी दिलं, श्रेयाचा गालगुच्चा घेतला आणि मग विचारलं, राहणार कोण कोण? मायलेकी, असं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. "दोघी बायाच? मग फॅमिली कुठंय?" आता मायलेकी म्हणजे फॅमिली नाही तर काय, सर्कस? पण हे त्यांना विचारणार कोण! आबा टोपी सारखी करत उठले आणि कृष्णा त्यांच्यामागून उठली. उद्या काही झालं तर जबाबदार कोण, हा बाईंचा प्रश्न रस्त्यापर्यंत त्यांच्या मागून येत राहिला.

दुसरी जागा दिल्ली गेटाच्या बाजूला, ऑफिसापासून चालत दहा मिनिटं. तिथल्या घरमालकानं काहीच विचारलं नाही. उलट, पोरीला ऐकू जाणार नाही असं आबांनी नवरा वारल्याचं सांगितलं, तशी त्याची कळी खुलली. "काय लागलं सवरलं तर मला सांगायचं. मी खालीच असतो, दिवसभर." खोली दाखवताना तो कृष्णाच्या इतका जवळून चालत होता की ती भिंतीला घासून जात होती. दाराला आतून कडी नव्हती. "लावून देऊ की," तो म्हणाला, "घाई काय?" कृष्णानं फाइल काखेत मारली. तिनं श्रेयाला उचलून कडेवर घेतलं, सहा वर्षांच्या पोरीला, आणि जिना उतरायला लागली. आबा तिच्यामागून मान खाली घालून उतरले. आपल्या सुनेकडं कुणी असं बघितलं आणि आपण नुसतं बघत राहिलो, याची लाज त्यांच्या मानेत दिसत होती.

तिसरा पत्ता छावणीचा, म्हणजे लष्करी वस्तीतला. रस्त्याच्या कडेनं जवानांची एक तुकडी पळत चालली होती. आबा मान वळवून वळवून त्यांच्याकडं बघत राहिले.

तिसरं घर कमरोद्दीन चाचांचं. लष्करात ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. खाली ते आणि त्यांची बायको सगीरा, वर एक खोली. खोली बघितली आणि कृष्णाचा जीव हरखला. वेगळा जिना, स्वतःचं न्हाणीघर, दाराला दोन कड्या, खिडकीखाली वाहता रस्ता. पाणी आठवड्यातून एकदा, पण गच्चीवर मोठी टाकी. इथं मला भ्या वाटणार नाय, असं तिला वाटलं. निदान कमी वाटेल.

खाली चहा आला. सगीरा चाचींनी सहज विचारलं, "और मिस्टर क्या करते बेटी?"

कृष्णानं चहाची बशी उचलली. आणि तेवढ्यात आबा बोलले.

"फौजेत हाय पोरगा."

कारभारी आबा म्हणजे बाजारात म्हशीच्या खोडी गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगणारा माणूस. त्या पायी त्यांचे किती सौदे मोडले, ते सारजाबाईला तोंडपाठ होतं. त्या माणसानं मेलेल्या लेकाला फौजेत भरती केलं, तेही फौजी माणसाच्या घरात बसून. कृष्णाच्या हातातली बशी वाजली. चाचींची नजर आपल्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्यावर फिरतेय असं वाटून तिनं ओढणी गच्च ओढून घेतली.

कमरोद्दीन चाचा मात्र एकदम खुलले. "अरे! मग तुम्ही तर आपलेच माणसं! फौजीच्या घरच्यांकडून मी डिपॉझिट नाही घेत, बडे भाई. कौनसी युनिट?"

"जम्मू," आबा म्हणाले.

"जम्मू जगह का नाम है. युनिट कोणती?"

"ते आमाला अडाणी माणसाला काय कळतंय," आबा म्हणाले आणि चहाच्या कपात बघू लागले. चाचा हसले. फोन लागला की मीच बोलतो त्याच्याशी, म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. भाडेकरूचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्यावा लागतो, त्याला आधार कार्ड आणि नोकरीची ऑर्डर जोडायची. "है ना ऑर्डर?"

होती. फाइलमध्ये पहिलीच होती. आणि त्या ऑर्डरीच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं : कै. सुदर्शन कारभारी यांच्या निधनामुळे त्यांच्या पत्नीस अनुकंपा तत्त्वावर. कृष्णानं ती ओळ इतक्या वेळा वाचली होती की डोळे मिटले तरी दिसायची. चाचांनी हात पुढं केला तशी ती ताडकन उठली. "झेरॉक्स काढून आणते," असं म्हणत श्रेयाला घेऊन ती रस्त्यावर आली सुद्धा.

झेरॉक्सचं दुकान चार दारं सोडून होतं. कृष्णा घाबरली होती, पण डोकं भराभर चालत होतं. भित्र्या माणसाचं असंच असतं. "एक कोरी पट्टी मिळंल का, कागदाची?" तिनं विचारलं. दुकानदारानं मान वर न करता पट्टी कापून दिली, असली कामं त्याला रोजचीच असावीत. तिनं ती दुसऱ्या ओळीवर नीट बसवली. यंत्राचा उजेड सरकला आणि गरम कागद बाहेर आला. ओळ होती तिथं पांढरंशुभ्र. आता कागदावर सुद्धा सुदर्शन मेलेला नव्हता.

तेवढ्यात श्रेयानं तिची ओढणी ओढली. पोरीचा चेहरा असा उजळला होता की दिवाळीलाही तसा नसतो.

"मम्मी, पप्पा बरे झाले?"

कृष्णाला आधी कळलंच नाही.

"आबा म्हणले ना, पप्पा फौजेत हायेत. म्हंजी ते दवाखान्यातून गेले. म्हंजी बरे झाले ना?"

दोन थापा पोरीनं एकमेकींना नीट जोडल्या होत्या. आजी खोटं बोलत नाही, आबा तर नाहीच नाही, मग याचा दुसरा अर्थ निघणार कसा? कृष्णाला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी सुदर्शनला दवाखान्यात नेतानाही वाटली नव्हती. आता गप्प राहिलं तर हा नवरा जन्मभर जम्मूत राहणार होता. दर राखीला, दर दिवाळीला पोर विचारणार, रजा मिळाली का?

ती तिथंच, दुकानाच्या पायरीवर, खाली बसली. श्रेयाचे दोन्ही हात धरले.

"पप्पा बरे नाय झाले गं. पप्पा वारले. तू मावशीकडं होती ना, तवाच."

श्रेयानं विचारलं, "मेले?"

"व्हय."

"आजीला म्हाईत हाय?"

"व्हय."

"आबाला?"

"त्येंनाबी."

"मग मलाच नव्हतं म्हाईत?"

रस्त्यावर, परक्या माणसांसमोर, कृष्णा हमसून हमसून रडली. श्रेया रडली नाही, नुसती तिला चिकटून उभी राहिली. दुकानदारानं पाण्याची बाटली पुढं केली आणि न सांगताच पट्टी काढून दुसरी प्रत काढून दिली. पहिली प्रत कृष्णानं फाडून टाकली.

चाचांच्या घरात शिरल्यावर ती बसली नाही. बसली असती तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, म्हणून उभ्यानंच, एका दमात, तिनं सगळं सांगितलं. नवरा वारला ते, दोन जागी काय झालं ते, आणि कागदावर पट्टी लावली तेही. आता हा माणूस ओरडणार, असं धरून तिनं डोळे मिटून घेतले.

कमरोद्दीन चाचा ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज फार कडक झाला. "फौज का नाम लेके झूठ? बडे भाई, या वयात? शरम नाही वाटली?"

आबांनी हात जोडले. "वाटली साहेब. लई वाटली." मग थांबून म्हणाले, "पर पोरगा हाय, असं चारचौघांत म्हणून दीड वरीस झालं हुतं. तोंडातून निघालं आन् घडीभर बरं वाटलं."

चाचांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. सगीरा चाची उठून आत गेल्या आणि श्रेयासाठी बिस्किटं घेऊन आल्या. तिला जवळ बसवून घेतल्यावर त्या नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "वर की चाबी कहाँ रखी?"

"डिपॉझिट पडेगा," चाचा म्हणाले. "दोन महिन्यांचं. सगळ्यांना पडतं." आणि फॉर्म पुढं ओढून त्यांनी पतीच्या नावाच्या रकान्यात आपल्या हातानं, सावकाश, कै. सुदर्शन असं लिहिलं.

आबांनी सोयगावला फोन लावला. खोली मिळाली म्हटल्यावर सारजाबाईनं विचारलंच, पोरीला परत आणताय ना आज? आबा सांगणार तोच श्रेयानं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आजी, पप्पा मेलेत. मम्मीनं सांगितलं मला."

सारजाबाई काही म्हणायच्या आत ती पुढं बोलली.

"मी इथंच राहनार हाय. मम्मीला एकटीला भ्या वाटतं."

"अगं बाई माझी," सारजाबाईचा आवाज फुटला, "आन् तुला नाय वाटत?"

"वाटतं ना," श्रेया म्हणाली. "पन मी तिला नाय सांगत."

कृष्णा तिच्या शेजारीच उभी होती.