बारानंतरचं चून

चमत्कार हा शब्द आमच्या घरात चालत नाही. कुणी तसलं काही सांगू लागलं की बाबा म्हणायचे, "त्यांना चहा पाज आणि घरी पाठव." हे लिहितानाही ते मागे उभे राहून वाचताहेत असं वाटतं आणि लाज वाटते. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाबा मूळचे विदर्भातले, खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. आई गेल्यावर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी आयटीत. आठवडाभर स्क्रीन, आणि रविवारी मैत्रिणींबरोबर गर्दी नसलेल्या वाटेने डोंगर चढायचा, खालच्या गावात चुलीवरचं अस्सल जेवण शोधायचं, हे माझं वेड. एका रविवारी मी बूट घालत होते तेव्हा बाबा म्हणाले, "आज चून कर ना गं." चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की." त्या दुपारी मी कुणाच्या तरी अंगणात बसून पिठलं-भाकरी खाल्ली, वर त्याचा फोटो बाबांना पाठवला! त्यांचं उत्तर आलं, "छान दिसतंय." बुधवारी ऑफिसात फोन आला. हार्ट अटॅक. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्षभर मी ना डोंगर चढले, ना पिठलं तोंडात घातलं. रोज बुद्धवंदना म्हणायचे, ती नुसती ओठांनी. बुद्धांच्या फोटोसमोर बसलं की डोक्यात बाबांचे ते दोन शब्द फिरायचे. मला माफी हवी होती आणि ती द्यायला माणूसच उरला नव्हता.

पहिल्या स्मृतिदिनाला आमच्या विहारातल्या भन्तेंना, म्हणजे भिक्खूंना, भोजनदान द्यायचं ठरवलं. ते तेव्हा कात्रजच्या घाटापलीकडे, डोंगरातल्या एका लहानशा लेण्यात साधनेला राहिले होते. पहाटे उठून मी आयुष्यात पहिल्यांदा चून केलं, भाकऱ्या थापल्या, डबा भरला. भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून आठलाच निघाले. वाटा मला विचारा, असा माझा तोरा. डोंगरावर दाट धुकं होतं, मोबाईलला रेंज नव्हती, आणि माझी वाट एका ओढ्याच्या कड्याशी येऊन संपली. तासभर मी तिथेच घिरट्या घालत राहिले. शेवटी दगडावर बसून ढसाढसा रडले. एवढंही जमू नये मला?

"का रडतीस गं बाई?" मागे गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी उभी होती. लेण्यावर जायचंय म्हटल्यावर म्हणाली, "ही गुरांची वाट हाय. चल." भारा तिथेच टाकला आणि पुढे चालू लागली. मी नको नको म्हणत होते, पण तिने वळूनही पाहिलं नाही.

लेण्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मी डबा पुढे ठेवला. भन्तेंनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "वेळ टळली, ताई." मी डबा परत उचलू लागले. मग त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. "आजी, सकाळपासून काही खाल्लंत?"

"च्या घेतलाय की."

"मग हे दान यांना," भन्ते मला म्हणाले. "कुणाला द्यायचं हे नेहमी आपणच ठरवत नसतो."

मी वाढलं. आजीने भाकरी मोडली, चुनात बुडवून घास घेतला, आणि जराही न संकोचता म्हणाली, "मीठ कमी हाय."

माझ्या हातचं काहीही खाल्लं की बाबांचा हाच शेरा असायचा. आमटी असो, खिचडी असो, अगदी विकतचं आणलेलं असो. ऐकून मी चिडायचे. गेलं वर्षभर घरात हे कुणी म्हटलं नव्हतं.

मला हुंदका आवरेना. आजीने भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरला. "रडतीस कशापायी? तू बी खा. उपाशी दिसतीस."

बाबा हसतील, योगायोग म्हणतील. म्हणोत. त्या दिवशी माझी वाट चुकली, वेळ टळली, मी योजलेलं एकही काम झालं नाही, आणि तरीही बाबांच्या नावाने एक भुकेलं माणूस पोटभर जेवलं. आजीचं नाव विचारायचं राहून गेलं. संध्याकाळची वंदना तेव्हापासून पुन्हा मनातून येते, आणि त्यात तिच्यासाठीही हात जुळतात.

तिने दिलेला तो घास मी तोंडात घातला. मीठ खरंच कमी होतं.