फियाटमधलं बाळंतपण

राजापेठेतल्या आमच्या शेजारीण सिंधूताई म्हणजे निवृत्त गणित शिक्षिका. एरवी कडक, पण गाडीचा विषय निघाला की पार पोर होऊन जातात. गाडी म्हणजे वडिलांची जुनी पांढरी फियाट. वडील वरूडला डॉक्टर होते. संत्र्याच्या बागेतल्या वाटांवर त्यांनी लेकीला ती चालवायला शिकवलं. ताईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मात्र ती घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती.

यंदा अकोल्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार असं कळलं आणि सिंधूताईंनी ताडपत्री ओढली. मी सोबत होते. त्यांनी बोनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा खोलला आणि किंचाळल्याच.

"बाप्पा! गीतांजली, इथं तं बाळंतीण हाये!"

डब्यात कापूस-चिंध्यांची गच्च गादी आणि तिच्यात गुलाबी, मिटल्या डोळ्यांची उंदराची पिल्लं. कापूस मागच्या सीटमधला. चिंध्यांत एक पांढरी पट्टी पाहून त्यांचे यजमान, कमलाकांत वकील, ओरडले, "अगं, हा माझा गळ्यातला वकिली बँड! कोर्टात चोरला म्हणून मी गोवर्धन वकिलाशी बोलणं सोडलं!"

"मग लावा फोन, माफी मागा त्याले!" सिंधूताई हसून हसून वाकल्या.

त्यांनी नाकातोंडाला रुमाल बांधला, रबरी हातमोजे चढवले आणि पिल्लांसकट ती गादी अलगद खोक्यात घालून कुंपणापाशी ठेवली. थोड्या वेळानं उंदरीण येऊन एकेका पिल्लाला तोंडात धरून घेऊन गेली. मी झाडू उचलला तशा त्या माझ्यावर डाफरल्या. "कोरडं झाडू नको! लेंड्यांची धूळ नाकात गेली तं आजार होते." जंतुनाशक फवारून, ओल्या फडक्यानंच सगळं पुसलं. मेकॅनिकनं कुरतडलेल्या वायरी बदलल्या. फक्त हॉर्न काही केल्या वाजेना.

"राहू द्या," सिंधूताई म्हणाल्या. "हे आहेत नं."

अन् खरंच, अकोल्याच्या वाटेवर बडनेऱ्यापासून वकीलसाहेब खिडकीतून डोकं काढून "पों पों" करत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्यात म्हशी बसलेल्या. त्यांनी कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखी आरोळी ठोकली, "म्हशी हाजिर हो!"

"अहो, हाजिर काहून करून राहिले? हाकला त्याइले!"

मागच्या सीटवर हसून माझं पोट दुखायला लागलं.

अकोल्याच्या मैदानावर परीक्षक आले. त्यांतल्या एकांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि आतून एक टुणटुणीत उंदीर उडी मारून थेट त्यांच्या खांद्यावर! ते पळाले, बाकीचे पांगले, उंदीर एका चकचकीत जीपखाली गडप झाला. जीपचा मालक ओरडतोय, आणि सिंधूताई दार धरून हसताहेत, डोळ्यांतून पाणी गळतंय. बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. पण गर्दी आमच्याच गाडीभोवती, आणि ज्याला-त्याला बोनेटमधलं बाळंतपण ऐकायचं होतं.

आता ती फियाट शेडमध्ये आठवडाभर सलग उभी राहत नाही. गाडी फिरती असली की उंदरं घर करत नाहीत, असं सिंधूताई सांगतात. या रविवारी आम्ही रिद्धपूरला चाललो आहोत. मागच्या सीटला नवा कापूस भरून झालाय.