बॅटरी तापली त्या दुपारी

नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मी फोर्कलिफ्ट चालवते. आमच्या घरची माणसं भाजीपाला पिकवून बाजारात विकतात; कारखान्यात आलेली मी पहिलीच. गाडी मला शिकवली गोदामातल्या जुन्या ऑपरेटरनं. ते अकोल्याचे, सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांची गाडी ॲसिडच्या बॅटरीची. झाकणं उघडून पाणी बघायचं, चार्जिंगला लावली की आतून बुडबुडे ऐकू यायचे, वास यायचा. बॅटरीचं काय चाललंय ते नाकाकानाला कळायचं.

मग लिथियमची गाडी आली. शिकवायला पुण्याहून गाडीच्या कंपनीचे साहेब आले. म्हणाले, "हिच्यात पाणी घालायचं नाही. पूर्ण उतरायची वाट बघू नका, जेवायला जाताना लावून जा." मामा तर इतकी वर्षं सांगत आले होते की अर्धी भरलेली बॅटरी चार्जिंगला लावली की ती मरते. मी वहीत दोघांचंही लिहून घेतलं, आणि वाचलं की गोंधळ व्हायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी चार्जिंग सुरूच होईना. प्लग काढला, परत लावला. चार्जरचा दिवा लालच. गाडीच्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र. बाहेर ट्रक भरायचा थांबलेला.

मामा म्हणाले, "चार्जर खराब झाला असन. जुन्या गाडीचा पडून हाये ना, तो लाव."

"तो लावू नका म्हणाले होते साहेब."

"कावून पण? करंट तर करंटच असते ना?"

साहेबांनी कारण सांगितलं होतं, पण तेव्हा मला ते समजलंच नव्हतं. तेवढ्यात मामा ओलं पोतं घेऊन आले. "तापली हाये थे. कूलरची वाळ्याची टट्टी नाही का भिजवत आपण?" मला पटलं. पोतं मी हातातही घेतलं. पाणी माझ्या चपलेवर गळायला लागलं तशी मला भीती वाटली. पोतं बाहेर टाकलं, हात पुसले आणि साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"गाडी कुठं आदळलीय? बॅटरी फुगलीय? काही वास, धूर?"

"नाही."

"मग बिघडलेली नाही, तापलीय. म्हणून तीच चार्जिंग घेत नाहीये. पाणी नको, जुना चार्जर तर मुळीच नको. तो या बॅटरीसाठी नाहीच. प्लग काढा, गाडी सावलीत उभी करा, निवू द्या. चार्जर कुठं बसवलाय?"

"पश्चिमेच्या टिनाच्या भिंतीजवळ, दुपारभर तापते ती. बाजूला कापडाच्या गाठी आहेत."

"त्या गाठी आधी हलवा."

मी आणखीच गोंधळले. "पण बॅटरी स्वतःच थांबली ना साहेब? मग गाठी कशाला हलवायच्या?"

"ती स्वतःला सांभाळते. पण दर वेळी सांभाळेलच असं धरून चालायचं नाही, आणि कापड लगेच पेट घेतं."

म्हणजे भरवसा ठेवायचा की नाही? मी फोन ठेवला. मामा आणि मी हातगाडीनं गाठी हलवल्या, ट्रकही तसाच भरला. घामानं आमची आंघोळ झाली. बऱ्याच वेळानं, पडद्यावरचं चित्र गेल्यावर, प्लग लावला. हिरवा दिवा लागला.

मामा वाकून बघत राहिले. "दुरुस्त कोणं केली मंग?"

"कोणीच नाही, मामा."

"असं कसं?"

मलाही तेच वाटत होतं.

आठवडाभरात चार्जर उत्तरेच्या भिंतीला हलवला. भोवती पिवळा पट्टा मारला, त्याच्या आत काही ठेवायचं नाही. पाटी मी मराठीत लिहिली: हात कोरडे ठेवा, वायर बघा, याच गाडीचा चार्जर वापरा, गाडी तापली असेल तर थांबा, बॅटरी फुगलेली दिसली किंवा वास आला तर लांब व्हा आणि कळवा.

मामांनी पाटी दोनदा वाचली. "गर्मीचं समजलं. कडक थंडीत काय करा लागते मंग?"

मला माहीत नव्हतं. मी परत फोन लावला.